फ्रेंचांकडे फेअरला शब्द नाही

१४ सप्टेंबर

नवरात्र व्याख्यानमालेची पत्रिका आली. माझं नाव नाही.

पहिली माळ ऑर्केस्ट्रा. दुसरी माळ हास्यकल्लोळ. तिसऱ्या माळेला लातूरचा कुणी मोटिव्हेशनल स्पीकर. फोटोत टाय आहे, मिशी नाही. ज्या माणसाने सबंध हयात न्यायावर बोलून केज तालुक्यातले मंडप हलवले, त्याला यंदा सुट्टी. समितीत नाथा आहे. माझाच विद्यार्थी. आता स्वतःला अँकर म्हणवतो. लग्न असो, निरोप समारंभ असो, माइक याच्याच हातात. फोन केला तर म्हणतो, सर, राग मानू नका, पण लोक बसत न्हाईत. मी विचारलं, गेल्या वर्षी कोण उठलं, नाव सांग. म्हणाला, सगळेच. खोटं! लाइट गेली म्हणून उठले. लाइट गेल्यावर मी माइकशिवाय तासभर बोललो, हे कुणी सांगत नाही.

संकल्प: केजमध्ये पुन्हा तोंड उघडणार नाही. पाया पडले तरी नाही.

संध्याकाळी पत्रिका परत बघितली. मागच्या बाजूलाही नाही.

१६ सप्टेंबर

बोलणार आहे. पण केजमध्ये नाही, युसूफ वडगावात. संकल्प मोडलेला नाही.

दस्तगीरभाई आले होते, स्टँडजवळचे फळवाले. सोबत मुलगी समिना, फूड टेक्नॉलॉजी शिकून परत आलेली. तिने युसूफ वडगावच्या बायकांना हाताशी धरून सीताफळाचा गर काढून गोठवायचं युनिट टाकलं आहे. फ्रान्सच्या एका आइस्क्रीम कंपनीच्या क्लोदीन मॅडम चार ऑक्टोबरला ते बघायला येतायत. अकराला येणार, एकला पुण्याकडे निघणार, पुढे विमान. गर पसंत पडला तर ऑर्डर. ऑर्डर मिळाली तर गटाची अध्यक्ष संगीता आणि बाकीच्या बायका यंदा दसऱ्यानंतर ऊस तोडायला कारखान्यावर जाणार नाहीत. नाही मिळाली तर मुकादमाचा ट्रक दारात उभा राहायला वेळ लागत नाही. दस्तगीरभाई म्हणाले, सर, इतकीच बात हाय. गेल्या साली पुण्याच्या व्यापाऱ्यानं डबे वापस केले. आता सगळी मदार ह्या बाईवर.

समिनाला माझ्याकडून एक ओळ हवी होती. डब्यावर इंग्रजी घोषणा माझीच आहे: ‘फेअर फार्मर, फेअर फ्रूट, फेअर प्राइस.’ गेल्या वर्षी त्यांच्या ओट्यावर चहा पिता पिता सुचली होती. तिचं फ्रेंच करून डब्यावर आणि बॅनरवर छापायचं. तिने मोबाइलमधून करून आणलंही होतं. सर, फक्त नजर टाका, म्हणाली.

टाकली. फेर्मिए ओनेत, बो फ्रुई, प्री ज्यूस्त.

तीन फेअर होते. तिघांची तीन तोंडं तीन दिशांना! ताल गेला, घणाचा घाव गेला, उरली नुसती किराणा दुकानाची पाटी. मी सांगितलं, हे मोबाइलचं काम नाही. ठेवून जा, दोन दिवसांत देतो. आणि नुसती ओळ नाही, स्वागताचं अख्खं भाषणच फ्रेंचमध्ये देतो. माझा फ्रेंचांशी जुना संबंध आहे. त्यांची राज्यक्रांती मी दोनदा वाचली आहे.

समिना वडिलांकडे बघत राहिली. भारावली असावी.

१७ सप्टेंबर

संभाजीनगरच्या फुटपाथवर कधीकाळी घेतलेला इंग्रजी-फ्रेंच शब्दकोश माळ्यावरून काढला. आतून पाल निघाली. पालीच्या पुढच्याच पानावर फेअर.

न्यायाचा असेल तर ज्यूस्त. व्यवहारातला असेल तर एकिताब्ल. माणूस सरळ असेल तर ओनेत. आभाळ स्वच्छ असेल तर बो. कातडी गोरी असेल तर क्लेर. केस सोनेरी असतील तर ब्लों. जत्रा असेल तर फ्वार. पोरगं काठावर पास झालं असेल तर पासाब्ल.

आणि हे लोक जगाला समता शिकवायला निघाले होते! राजाचं डोकं उडवता आलं, फेअरला एक शब्द करता आला नाही. माणसाला एक न्याय, मालाला दुसरा, भावाला तिसरा, हीच तर विषमता! इंग्रज लुटारू होता, पण त्याने शब्द एक ठेवला. लुटलं तेही त्याच शब्दाने.

सत्यभामा भाकरी थापत होती. तिला हा सगळा अन्याय समजावून सांगितला. ती म्हणाली, आपल्यात तरी कुठं एक हाय? पोरगी फेअर म्हंजे गोरी, राशनचं दुकान फेअर म्हंजे रास्त भावाचं, आन् माझ्या आमटीला तुमी फेअर म्हनता तवा नुसतीच बरी. मी म्हणालो, मराठीचा प्रश्न वेगळा आहे. कसा वेगळा, ते सांगितलं नाही. तव्यावरची करपली असती.

१९ सप्टेंबर

समिनाचा फोन. दोन दिवस झाले, ओळ झाली का?

सांगितलं, ज्यूस्त आणि एकिताब्ल यांच्यात लढत आहे, निकाल लागायचाय. ती म्हणाली, सर, मोबाइलचंच टाकू का, मॅडमला कळलं म्हंजे झालं. कळलं म्हणजे झालं! या पिढीचं हेच चुकतं. अगं, कळणं ही भाषणाची खालची पायरी. माणूस हलला पाहिजे. उठून उभा राहिला पाहिजे.

फोन ठेवता ठेवता ती पुटपुटली, उठतेत तर खरं. कोण, ते ऐकू आलं नाही.

२० सप्टेंबर

एका पतसंस्थेच्या सभेला गेलो. श्रोता म्हणून. सत्कार, सत्कार आणि सत्कार. याला शाल, त्याला नारळ, जावयाला फेटा, जावयाच्या मित्राला बुके. जो स्टेजवर दिसेल त्याचा सत्कार, आणि सत्कार झाला नाही तो रुसून मागे पानटपरीवर. त्याला आणायला दोघे गेले, तर त्या दोघांचा राहिला! मुख्य वक्ता बिचारा हातातला कागद घामाने भिजवत बसलेला. त्याच्या वाट्याला आभाराआधीची दहा मिनिटं.

सत्कार हा मराठवाड्याचा महारोग आहे. दुष्काळाने जेवढं नुकसान केलं नाही तेवढं शालीने केलं.

संकल्प: कार्यक्रम माझ्या हातात आला तर एकही सत्कार नाही. माणूस, माइक आणि सत्य. बस्स.

२१ सप्टेंबर, सकाळ

परसात पहिली तालीम. पूर्ण आवाजात. फ्रेंच ही नाकातून बोलायची भाषा आहे असं म्हणतात. ज्यांच्या छातीत दम नाही त्यांच्यासाठी असेल. मी पोटातून काढली. ‘मादाम!’ एवढ्यावरच पिंपळावरचे कावळे उडाले.

मागच्या वाटेने सिदू शेळ्या घेऊन चालला होता. थांबला. आत येऊन सत्यभामाला विचारतो, वहिनी, सर कुनाला शिव्या देतेत? ती म्हणाली, पाहुन्याचं स्वागत चाललंय. सिदूने शेळ्या दुसऱ्या वाटेने नेल्या.

सत्यभामा म्हणाली, जरा हळू बोलून बघा की. फ्रान्सची बाई हाय, घाबरंल. क्रांती केलेला देश आहे, मी म्हणालो, तोफा ऐकलेली माणसं आहेत ती.

२३ सप्टेंबर

युसूफ वडगावला नियोजनाची बैठक. गेलो म्हणून बरं झालं. नाहीतर जिल्ह्याची अब्रू गेली असती.

समिनाचा बेत ऐका. मॅडम आल्या की पाणी द्यायचं, युनिट दाखवायचं, फ्रीजरमधून गर काढून लगेच चाखायला द्यायचा, बोलणं करायचं, निरोप. म्हणजे सातासमुद्रापलीकडून बाई येणार आणि तिच्या हातात आपण काय देणार, चमचा? नारळ नाही? शाल नाही? दोन शब्द नाहीत? मी कडाडलो. संगीता म्हणाली, सर, बाई सौदा करायला यायलीय, सोयरीक न्हाई. सगळ्या बायका हसल्या. हशाला मी किंमत देत नाही.

शेवटी माझंच ऐकलं गेलं. स्टेज ठरलं. स्टेज म्हटलं की सरपंच आले. सरपंच बसले की माजी सरपंच खाली कसे बसतील? ते वर बसले तर सोसायटीचे चेअरमन का नाही? वर बसलेल्याचा सत्कार नको का? इथे मी उठलो आणि सत्काराला कडाडून विरोध करणार, तेवढ्यात नाथा (सूत्रसंचालन त्याचंच, दुसरा कुणी मिळत नाही म्हणे) म्हणाला, आन् आपल्या सरांचा सत्कार खुद्द मॅडमच्या हस्ते. फ्रेंच भाषेचे गाढे अभ्यासक म्हणून.

सत्काराला माझा तात्त्विक विरोध आहे. पण अपवाद हाही तत्त्वाचाच एक भाग असतो. बसलो.

गर कधी द्यायचा यावर वाद झाला. समिनाचं म्हणणं, फ्रीजरमधून काढला की गर सैल पडतो, आन् सैल पडला की काळवंडायला लागतो, म्हणून काढला की लगेच खायचा. मी म्हणालो, नाट्य नावाची काही चीज असते! स्टेजसमोर टेबल, टेबलावर गराच्या वाट्या, वर पांढरं फडकं. माझ्या भाषणात ‘फ्रुई’ हा शब्द गरजला की संगीताने फडकं उचलायचं. समोर बीडचं सीताफळ, पांढरंशुभ्र! मॅडमच्या डोळ्यांत पाणी.

समिना म्हणाली, सर, गर वाट बघत न्हाई.

सभेची वेळ वक्ता ठरवतो, फळ नाही, असं मी तिला सांगितलं. पटलं असावं. संगीताशी काहीतरी कुजबुजत होती, बहुधा माझ्या कल्पनेबद्दल.

२५ सप्टेंबर

बॅनर छापायला जायचा आज शेवटचा दिवस. ओळ झालेली नाही. घाई मला करता येत नाही.

रात्रंदिवस तोच शब्द. ज्यूस्त घेतला तर शेतकरी न्यायाधीश होतो. एकिताब्ल घेतला तर व्यापारी होतो. ओनेत घेतला तर फळ प्रामाणिक म्हणावं लागतं. मग आजवर ते काय लबाडी करत होतं? बो घेतला तर भाव देखणा होतो, आणि देखणा भाव या तालुक्याने कधी पाहिलेला नाही. मला तिन्ही जागी एकच शब्द हवा. एकच! एक झेंडा, एक शब्द!

समिनाने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, बॅनर थांबव. ती म्हणाली, बॅनर थांबंल, मॅडम थांबनार न्हाईत.

२७ सप्टेंबर

बॅनर लागलं. ‘बोंजूर क्लोदीन मॅडम’. तेही देवनागरीत! ज्या बाईसाठी लिहिलं तिला वाचता येऊ नये, याची पूर्ण काळजी घेतली आहे. बाकी सगळी जागा फोटोंना. सरपंच मोठे. माजी सरपंच तेवढेच मोठे, नाहीतर भांडण. सीताफळ कोपऱ्यात. मी सीताफळाच्या खाली, आणि त्याच्यापेक्षा लहान.

संगीताने मला समजवायला फोन केला. सर, फळच तर इकायचंय, म्हणाली.

मी शांत राहिलो. शेजारच्यांनी येऊन विचारलं, एवढा आवाज कशाचा.

२९ सप्टेंबर

निकाल लागला. ज्यूस्त! तिन्ही जागी ज्यूस्त! फेर्मिए ज्यूस्त, फ्रुई ज्यूस्त, प्री ज्यूस्त! फळाला न्यायी म्हणता येत नाही असं शब्दकोश म्हणतो. म्हणू दे. उद्यापासून येईल. भाषा अशाच पुढे जातात.

समिनाला कळवायला युनिटवरच गेलो. ती म्हणाली, सर, डबे गेले छापून, इंग्रजीतच. का थांबली नाहीस, मी विचारलं, तर हसली नुसती.

संगीता गर काढत होती. फळ उकलायचं, चमच्याने एक पाकळी उचलायची, बी अंगठ्याने सोडवायची, गर ट्रेमध्ये. बघता बघता ट्रे भरतो. तिच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत उसाच्या पात्याचे जुने पांढरे ओरखडे आहेत. मी विचारलं, हे कधीचे? म्हणाली, कोनत्या सालचे सांगू सर, दर सालचे हायेत. मागच्या खेपेला पोरीला फडावरच्या झोपडीत, कोपीवरच ताप भरलता, तवापासनं मनात हाय, एक साल तरी घरी राहावं.

जीपमध्ये बसलो आणि अंगाचा भडका उडाला. मांजरसुंब्याच्या रस्त्यावर व्यापारी सीताफळाचे ढीग पायाने सारून भाव ठरवतो. पायाने! ज्या बाईने ते काट्याकुट्यातून उतरवलं तिच्या देखत. ‘रास्त भाव’ ही पाटी दुकानावर लावायची आणि रास्त म्हणजे काय हे पाय ठरवणार? हे मी बोलणार. फ्रान्सला ऐकावं लागेल. घरी येऊन एका बैठकीत भाषण लिहून काढलं. आयुष्यातलं सर्वोत्तम. मराठीत झालं आहे. फ्रेंच करणं आता किरकोळ.

१ ऑक्टोबर

किरकोळ नाही. पण होईल.

२ ऑक्टोबर

झालं! ज्या वाक्यांचं होत नव्हतं ती काढून टाकली. व्यापाऱ्याचा पाय गेला. संगीताचे ओरखडे गेले. ज्यूस्त मात्र सतरा वेळा आहे.

दसरा. सत्यभामाने सोनं दिलं आणि म्हणाली, आता दोन दिवस तरी गोड बोला. मी ‘मादाम’पासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. तिने ते उचलून परत लावलं. कसं वाटलं, विचारलं. म्हणाली, कळलं न्हाई, पन लई राग आलाय येवढं कळलं.

बरोबर! भाव पोचला.

३ ऑक्टोबर

उद्याची रूपरेषा: अकराला आगमन. सव्वाअकराला भाषण. ‘फ्रुई’ला फडकं. टाळ्या. मॅडम उभ्या. ऑर्डर. बाराला जेवण.

पासपोर्ट नाही. मॅडमनी पॅरिसला बोलावलं तर अडचण. कोट आहे, निकाह-लग्नांना घालतो तो. पॅरिसमध्ये ऑक्टोबरात चालेल का, कुणाला विचारावं?

समिनाने संध्याकाळी फोन केला. सर, लई लांबवू नका, बारा-पंधरा बायांचं यंदाचं साल उद्यावर हाय. मी म्हणालो, पोरी, म्हणूनच तर मी आहे.

४ ऑक्टोबर, सकाळ

कोट. मफलर. खडीसाखर. निघालो. केज तालुक्याचा इतिहास आज दोन भागांत विभागला जाईल.

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

अभूतपूर्व कार्यक्रम.

तपशील वादासाठी नाही, नोंदीसाठी लिहितो. मॅडम वेळेवर आल्या. उंच, गोऱ्या (क्लेर), पायात बूट, हसतमुख. फेटा बांधायला वेळ गेला, कारण केस सरळ, फेटा घसरतो. तीनदा बांधला. मग सत्कार. सरपंच. माजी सरपंच. चेअरमन. चेअरमनच्या शेजारी व्हाइस चेअरमन बसल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, तेही. सोसायटीचे सचिव खाली बसले होते. ते मधेच उठून गेले. त्यांना आणायला सरपंच स्वतः गेले. सचिव आले, खुर्ची आली, शाल संपली. शाल केजहून मागवावी लागली. तोवर नाथा माइकवर चारोळ्या म्हणत होता.

मॅडमनी समिनाला काहीतरी विचारलं. समिना माझ्याकडे बघत होती. मी डोळ्यांनीच धीर दिला.

मग माझा सत्कार. ‘फ्रेंच भाषेचे गाढे अभ्यासक.’ टाळ्या पडल्या. फोटोग्राफरचं लक्ष नव्हतं, म्हणून शाल उतरवून सत्कार पुन्हा घेतला. दुसऱ्या वेळी मॅडमचे डोळे मिटलेले आले, म्हणून तिसऱ्यांदा. ऐतिहासिक फोटोत हलगर्जी चालत नाही.

नाथाने माइक दिला. कानात म्हणाला, सर, पाच मिंटात आवरा, मॅडमचा ड्रायव्हर हॉर्न द्यायलाय. पाच मिनिटांत फ्रान्स उभा राहत नाही! थेट फ्रेंच सुरू करणं उद्धटपणाचं, म्हणून आधी मराठीत प्रास्ताविक केलं. मग पाहुण्यांच्या सोयीसाठी इंग्रजीत. मग पाणी प्यालो. मग गरजलो: ‘मादाम!’

मादाम तेव्हा गाडीत बसत होत्या. फेट्यासकट. समिना पुढच्या सीटवर, मांडीवर थर्माकोलचा डबा. चालू कार्यक्रमातून! पाहुणीला उठवून! एवढा अडाणीपणा मी पाहिलेला नाही.

मी थांबलो नाही. वक्ता समोरच्यासाठी बोलत नसतो, काळासाठी बोलतो. मागून ज्यूस्तवर ज्यूस्त डागले. सरपंच जेवायला गेले. ‘फ्रुई’ शब्द आला तेव्हा संगीता जागेवर नव्हती, म्हणून मीच खाली उतरून फडकं उचललं. आतला गर चहाच्या रंगाचा झाला होता. फडकं परत टाकलं. भाषण पूर्ण केलं.

सभेत संपूर्ण शांतता. शेवटपर्यंत समोर होता तो मंडपवाला अबरार. वायर गुंडाळता गुंडाळता ऐकत होता. संपल्यावर जवळ आला. वाटलं, काही विचारेल. विचारलं, सर, तुमी उठता का, खुर्च्या मोजायच्यात.

५ ऑक्टोबर

वाट्यांमधला गर शेळ्यांना घातला म्हणे. सिदूने सत्यभामाला सांगितलं, शेळ्यांनीबी आधी हुंगून बघितला.

हा संयोजकांचा दोष आहे. ज्यांना फळ टिकवता येत नाही त्यांनी वक्ता बोलावू नये. आणि तो सचिव! आणि ती शाल! मी पहिल्यापासून सत्काराच्या विरोधात होतो, हे या वहीत वीस तारखेला लिहिलेलं आहे.

समिनाला फोन केला नाही. तिने करावा.

ऑर्डरचं काय झालं, कुणी बोलत नाही. मुकादमाचा ट्रक वडगावात दिसला असं सत्यभामा म्हणाली. रात्री जेवण गेलं नाही. ताकाने असेल.

७ ऑक्टोबर

दस्तगीरभाई आणि समिना आले. पेढे. ऑर्डर मिळाली!

मला ठाऊकच होतं. माझ्या भाषणाची पुण्याई, म्हणून बोललोही. समिनाने पेढ्याचा डबा खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. तिने आणि संगीताने एक डबा बर्फात वेगळा ठेवला होता, बैठकीच्या दिवसापासूनच ठरवून. शाल आणायला माणूस केजला गेला तेव्हाच तिला कळलं, इथं काही न्हाई व्हायचं. मग गाडीतच बसली. मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला थांबला. धाब्यावर बाजेवर बसून डबा उघडला. पांढरा, घट्ट. मॅडमनी तिथेच चमचा मागितला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, ड्रायव्हरचा चहा होईस्तोवर डबा अर्धा झाला. डोक्यावर फेटा तसाच. धाबेवाला म्हणे, ह्या कुनाच्या लग्नाच्या?

संगीताने मुकादमाला परत पाठवलं. ट्रकसमोर उभी राहून म्हणाली, दुसरी कोनी बघा, आमी यंदा घरी.

हे ऐकून मी, काय सांगावं, एकापाठोपाठ तीन पेढे खाल्ले. दोन दिवसांची भूक असेल.

मग डब्याचा विषय काढला. म्हणालो, ज्यूस्त आता बसवून घेऊ, तीनदा. समिना म्हणाली, सर, मॅडमचे लोक तिकडंच छापनार. वर नुसतं ‘बीड’ लिहिनार, खाली सीताफळाचं चित्र. घोषणा नको म्हणाल्या. त्यांच्याकडं लोक डब्यावर इतकं वाचत न्हाईत.

विचारलं, भाषणाबद्दल काही म्हणाल्या का. ती वडिलांकडे बघायला लागली. मी म्हणालो, सांग. तर गाडी रस्त्याला लागल्यावर मॅडमनी तिला विचारलं होतं, तो स्टेजवरचा माणूस आमच्यावर इतका का रागावलाय? आमच्याकडून काय चुकलं?

तू काय सांगितलंस?

म्हनलं, न्हाई मॅडम, सर स्वागत करायलेत.

आणि मी फ्रेंचमध्ये बोलत होतो, हे त्यांना कळलं की नाही?

दस्तगीरभाई पेढ्याचा डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाले, सर, गाडीच्या काचा बंद होत्या.

९ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केला. रागावलाय! मी! जो माणूस आयुष्यभर पोटतिडकीने...

असो. आवाज खाली आणता येतो हे दाखवून द्यायचं. फ्रान्सला नाही, निदान घराला. संकल्प: आजपासून हळू बोलणार.

दुपारी पहिला प्रयोग. सत्यभामा आत निवडत बसली होती. मी पलंगावरून, अगदी सावकाश, मऊ आवाजात म्हणालो, सत्यभामा, थोडं पाणी देतेस का?

आत सूप पडल्याचा आवाज. ती धावत आली. कपाळाला हात लावला. छातीला लावला. काय व्हायलंय तुमाला, बोला की! मी आणखी मऊ आवाजात म्हणालो, काही नाही गं. तिचा चेहरा पांढरा पडला. खिडकीतून सिदूला हाका मारायला लागली, भावजी, जीप बगा, सरांना दवाखान्यात न्यायचंय, आवाज गेलाय त्यांचा! सिदू शेळ्या सोडून पळाला.

मग मात्र माझा संयम संपला. मला काहीही झालेलं नाही, असं मी ओरडलो. कॅलेंडर पडलं.

ती मटकन खाली बसली. पदराने तोंड पुसलं. म्हणाली, देवा, बरे हायेत.

आणि पाणी आणलं.